तिसरी पायरी

अहो,

तुमचा अबोला चालू आहे, म्हणून लिहून ठेवतेय. वादळ उद्या सकाळी धडकणार. पूर नियंत्रण कक्षात माझी दोन दिवस ड्यूटी लागली आहे. गच्चीवरच्या पर्जन्यमापकात किती पाऊस जमला, ते दर तीन तासांनी मला कळवा. बोलायचं नसेल तर नुसता आकडा मेसेज करा.

आणि हात जोडते, त्याच्या शेजारच्या कुंड्यांवर झारी धरू नका. परवा तुमच्या झारीतले बावीस मिलिमीटर मी पाऊस म्हणून कळवले आणि साहेबांनी लख्ख उन्हात नदीकाठाला पुराचा इशारा दिला. तरी वन्संच्या देखत तुम्हाला बिनडोक म्हणायला नको होतं. त्या गेल्यावर म्हणायला हवं होतं.

परवापासून तुम्ही खालच्या खोलीत झोपताय, म्हणून जिन्यावर लाल नेलपॉलिशने खुणा केल्यात. पाणी अंगणात शिरलं की मेन स्विच बंद करा. पहिल्या पायरीला लागलं की गादी गुंडाळा. तिसरीपर्यंत थांबायचा हट्ट करू नका, अबोला खाली ठेवून वर या.

पाणी नाही आलं, तरी या.