झाकणरावांचे दोन एकर

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा शेती, गावात झाकणराव या नावाने ओळखला जाणारा, देवाला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. पत्नीचे मत वेगळे आहे. पण सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया असल्याने ती सध्या वाद घालत नाही.

१. राहते घर पत्नीला. गळणारा कोपरा मी दहा वर्षे ‘उद्या’ दुरुस्त करत आलो. तो उद्याही तिलाच.

२. पिकावर घालायची पांढऱ्या कापडाची कव्हरे, तारेच्या कमानींसह, थोरल्या भावाला. माझे नाव पडले ते यांच्यामुळेच. एका वर्षी खरबुजावर कव्हर घातले. पानाला एक भोक नाही. वेल असे माजले की लोक बघायला येत. मुलगी म्हणाली, “बाबा, फुलं आलीत. आता काढा, मधमाश्या आत कशा जाणार?” मी म्हणालो, “अजून चार दिवस. किडीचा काय भरवसा?” असे चार-चार दिवस करता फुले गळून गेली. दोन एकरांत खरबुजे निघाली सात, तीही कुत्र्याने कापड फाडले होते तिथे. भाऊ बांधावरून म्हणाला, “पाला झकास आलाय रे.” त्यावरून मी दोन वर्षे अबोला धरला. बोलला खरे तेच. कव्हरे त्याने वापरावीत. कधी काढायची ते पुतणीला विचारावे.

३. कुत्रा शेतावरच राहील. त्या हंगामातले सगळे पीक त्याचे.

४. दोन एकर शेत मुलीला. यापुढे ‘ती तीस वर्षांची होईपर्यंत कारभार थोरल्या भावाने पाहावा’ अशी ओळ होती. कच्चा कागद मुलीने वाचला.

“मी चोवीसची आहे, बाबा.”

“जग वाईट आहे, बाळ.”

“मग मी तिशीची झाले की सुधारणार आहे का?”

कागद घेऊन उठलो. देवासमोर बसलो. तोही मुलीच्याच बाजूचा दिसला. ती ओळ मी स्वतःच्या हाताने खोडून बाजूला सही केली आहे.

शेतात काय लावावे याबद्दल माझे एक ठाम मत आहे. ते मी इथे लिहिलेले नाही.

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: शुक्रवार, चौदा तारीख
सही: झाकणराव

साक्षीदार:
१. निवृत्त शिक्षक (शुद्धलेखनाच्या नऊ चुका काढून)
२. शेजारचा शिंपी