ताग्याचा रकाना

५ ऑगस्ट १९९६
नोंदवून ठेवावे असे माझ्या हातून अद्याप काहीही घडलेले नाही. तरीही लिहायला बसले आहे. या आगाऊपणाबद्दल क्षमा मागायची तर कोणाची? या कोऱ्या वहीचीच मागते. कारण एवढेच, की बोलणे मला जमत नाही आणि न बोललेले पुष्कळ साचले आहे.

नोएडातल्या शर्टांच्या निर्यात कारखान्यात पाच महिने झाले. कटिंग विभागात कॉम्प्युटर रुजवण्याचे काम माझ्याकडे. आज मल्होत्रा साहेबांनी (पुढे म.सा.) सर्वांसमक्ष जाहीर केले: महिनाअखेर कटिंग कॉम्प्युटरवर गेले नाही, तर कटिंग मास्टर बदलण्यात येईल. ते मास्टर, बशीर मास्टरजी, तिथेच उभे होते. साठीच्या घरातले, गळ्यात टेप. "बिल्कुल, साहब," एवढेच म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले. मी फायलीत पाहिले.

८ ऑगस्ट
पहिला दिवस. कापलेल्या बाह्या, कॉलर, पाठी, सगळ्यांचे वेगवेगळे गठ्ठे होतात. प्रत्येक गठ्ठ्यावर प्रिंटरमधून निघालेली चिठ्ठी: ऑर्डर, साइझ, नग. मास्टरजी पूर्वी गठ्ठ्यांना रंगीत दोरे बांधत, म.सा. म्हणाले, आता ते बंद. "यह मंदिर है क्या, मन्नत के धागे बाँध रखे हैं?"

मास्टरजींनी दोऱ्यांचा डबा उचलून टेबलाखाली ठेवला. मला म्हणाले, "लो कंप्यूटर मैडम, अब आपका राज." टेबलाभोवतीची माणसे हसली. माझे कान तापले. पण चिठ्ठ्या सुबक आल्या होत्या, हे खरे.

१३ ऑगस्ट
अनर्थ.

चिठ्ठ्यांवरून शिवलेला पहिला लॉट तपासणीला गेला. ट्यूबलाइटखाली निर्दोष. तपासनिसाने एक शर्ट खिडकीशी नेला, आणि बाही एका निळ्याची, अंग दुसऱ्या निळ्याचे. मग दुसरा. मग तिसरा. जवळजवळ सगळेच.

म.सा. मास्टरजींवर बरसले. "जानबूझकर किया है! मशीन को बदनाम करने के लिए!" मास्टरजी गप्प. मीही गप्प. त्यांचे गप्प राहणे आणि माझे गप्प राहणे यांत फार अंतर आहे.

१४ ऑगस्ट
दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात काका-काकूंकडे राहते. सकाळी चहा गार होऊ दिला. काकू म्हणाली, "शाळेत उत्तर येत असूनही हात वर करायची नाहीस. बाई घरी येऊन सांगायच्या. इथे कोण सांगायला येणार, अं?"

गेले. मास्टरजींना विचारले, दोरे कशाचे? ते मला गच्चीवर घेऊन गेले. हातात दोन थान, म्हणजे आपले तागे. एकाच ऑर्डरचे, एकाच गिरणीचे. उन्हात उलगडले. एक किंचित हिरवट निळा, एक किंचित जांभळट. एका टेबलावर पाच-सहा तागे एकावर एक पसरून एकदमच कापतात. कोणता तुकडा कोणत्या ताग्याचा, हे दोऱ्याच्या रंगावरून कळे. शिवणारे सारख्या दोऱ्याचेच तुकडे जोडत.

"आपने बताया क्यों नहीं?"
"पूछा किसने?"

खरे आहे. पाहणीसाठी पाच दिवस त्यांच्या शेजारी उभी होते. गठ्ठ्यावर जे लिहिलेले होते ते सगळे उतरवून घेतले. जे बांधलेले होते ते नाही. मराठी माध्यमातून केंद्रात पहिली आलेली मुलगी. छापील प्रश्नांच्या बाहेर एक प्रश्न विचारला नाही.

चूक माझी. इथे तरी लिहिली.

२० ऑगस्ट
प्रोग्राममध्ये रकाना वाढवला: तागा क्रमांक. मास्टरजी शेजारी स्टूल घेऊन बसले. मी दाखवले, त्यांनी खोडून काढले. "और रंग? मेरे आधे कारीगर नंबर नहीं पढ़ते, रंग पढ़ते हैं." बरोबर. चिठ्ठीला भोक पाडायचे ठरले. त्यातून त्या ताग्याला ठरवून दिलेल्या रंगाचा दोरा ओवून तीच गठ्ठ्याला बांधायची. दोरा आणि चिठ्ठी, दोन्ही.

भोक पाडायचे यंत्र सरोजिनी नगरच्या बाजारातून आणले. मास्टरजी: "यह हुई न मशीन!"

२७ ऑगस्ट
जमले! जमले! (रोजनिशीत उद्गारचिन्ह शोभत नाही. असू दे.)

सगळा लॉट गच्चीवर नेला, उन्हात, दोरीवर टांगून. ओळीच्या ओळी. बाही, अंग, कॉलर, सगळा एकच निळा. एकही शर्ट बाजूला काढावा लागला नाही. कारीगरांनी टाळ्या वाजवल्या. शिवाय चिठ्ठीवरून कोणता गठ्ठा कुठे अडलाय हे जागच्या जागी समजू लागले. पूर्वी त्यासाठी मास्टरजी जिने चढउतार करत.

संध्याकाळी शेवटची चिठ्ठी त्यांनी स्वतः काढली. एका बोटाने, कैची धरावी तसा श्वास रोखून. प्रिंटर करकरला तसे दचकले, मग म्हणाले, "देखा, मास्टरनी? मशीन मान गई."
मी मोठ्याने हसले. कारखान्यात, सर्वांसमोर.

३० ऑगस्ट
म.सा. खूश. माझी पाठ थोपटली. मग सहज: "सोमवार से नया कटिंग इंचार्ज आ रहा है. मास्टर ने पूरा लॉट ख़राब किया, वह बात मैं नहीं भूलूँगा."
मी म्हणाले, "जी सर."
जी सर!
मास्टरजींना अजून माहीत नाही. जाताना ते उद्याचे तागे उन्हात पाहत होते.

३१ ऑगस्ट
उजाडताच मसुदा केला. मराठीत चार पाने झाली. इंग्रजीत अकरा वाक्ये उरली. तीच पुरेशी आहेत. बिघडलेल्या लॉटची चूक माझ्या पाहणीची. मास्टरजींनी दोरे साहेबांच्याच हुकमावरून सोडले. ताग्याचा रकाना त्यांचा. माझे फक्त टंकन. त्यांना ठेवावे आणि दुसऱ्या युनिटला हे शिकवायला पाठवावे. कोणाला काढायचेच असेल, तर खाली सही माझी आहे.

काकूने वाचले. छत्री हातात दिली आणि सोबत निघाली.

म.सा. शनिवारी करोल बागच्या ऑफिसात बसतात. सरोजिनी नगरच्या बूथवरून तिथे फॅक्स लावला. कागद यंत्रातून सावकाश सरकला आणि पुन्हा माझ्या हातात आला.
"गया?" मी विचारले.
बूथवाला म्हणाला, "मैडम, काग़ज़ यहीं रहता है. बात चली गई."

पोचपावतीवरून उतरवून ठेवते: ३१ ऑगस्ट १९९६, सकाळी ९ वाजून १२ मिनिटे.