डाव्या पायाचा फर्मा

३ फेब्रुवारी, रविवार

आजही 'सोड' म्हणता आलं नाही!

सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना एका सुरात म्हणत होती. आम्ही दुसऱ्यांचे अपराध सोडतो, तसे तू आमचे सोड — तिथे आलो की माझ्या तोंडाला कुलूप. नुसते ओठ हलवले. शेजारच्या म्हातारीने डोळे वटारले. वटार, बाई! तुझ्या घरातलं माणूस नाही पळालं चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्याबरोबर! माझी बायको गेली तेव्हा लेक शाळेत होती. आता लेकीची लेक शाळेत जाते. तरी ऑर्गन सुरू झाला की मी लोकांचे बूट बघत बसतो.

प्रवचन बायबलातल्या त्या श्रीमंत तरुणावर होतं. प्रभूने सगळं देऊन टाक म्हटल्यावर मान खाली घालून निघून गेला तो. पाळक म्हणाला, "मंडळी, मूठ उघडली नाही तर प्रभूने हात धरायचा कसा?" बोलायला काय जातं! पोरगेलासा माणूस. त्याच्या बुटाची डावी टाच बाहेरून झिजलीय, ती आधी बघ म्हणावं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

लेक येऊन गेली. महिनाअखेर दुकान रिकामं करायचं, ठरलंच. हाताचा कंप वाढलाय. परवा आरी चामड्याऐवजी अंगठ्यात गेली. लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायचं. "बाबा, एकच पेटी आणा हं. दुसरीला जागा नाही."

एक पेटी! बूट शिवणाऱ्याचा अख्खा जन्म एका पेटीत!

मग ती भिंतीवरचे फर्मे बघत फिरली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलाबरहुकूम कोरलेलं लाकडी पाऊल, त्यावर चामडं चढवून मी बूट शिवतो. खिडकीजवळच्या जोडीपाशी थांबली. उजवा साधा, डावा आखूड आणि टाचेला जाड. तिच्या आईचा. जन्मापासून तो पाय तसा. बाजारातले बूट तिला कधी झालेच नाहीत. माझ्याकडे पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणूनच. डावा फर्मा पुन्हा पुन्हा कोरला, तेव्हा कुठे ती न लंगडता चालली. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हसत! आणि पुढे एक दिवस माझ्याच बुटांत चालत निघून गेली.

"हा पण पेटीत?" लेकीने विचारलं.

"चहा निवतोय तुझा," मी म्हणालो.

"आईचं कधी विचारत नाही तुम्ही."

"निवतोय म्हटलं ना!"

६ फेब्रुवारी, बुधवार

रापी, आऱ्या, लोखंडी ठोकळा — सगळं कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्याला देऊन टाकलं. त्याने रापीच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मामा, ही तर अजून केस कापेल!" मला रडू आलं. शिंक आल्यासारखं केलं.

तिच्या जोडीला हात लावला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

उपासना संपल्यावर पाळकाला गाठलंच. म्हटलं, मूठ उघडायची म्हणजे नेमकं टाकायचं काय? सामान, की माणूस?

तो गडबडला. मग म्हणाला, "काका, आपल्या भाषेत शब्द एकच आहे बघा. वस्तू सोडायची तेही 'सोड', आणि अपराध सोडायचा तेही 'सोड'."

एकच! दुसरा शब्द परवडला नाही का कुणाला?

"अवघड कुठलं वाटतं?" त्याने विचारलं. मी टोपी घातली आणि निघालो.

११ फेब्रुवारी, सोमवार

देवा, मला हे जमत नाही. खरंच नाही जमत. गुडघे टेकले की तुझ्याऐवजी तीच समोर येते. जळतं गाव सोडताना मागे वळून पाहिलं म्हणून बायबलातल्या त्या बाईचा मिठाचा खांब केलास. मग माझं काय? मी तर पुढे कधी पाहिलंच नाही! सकाळी शटर उघडलं की पहिली नजर खिडकीजवळच्या जोडीवर. एवढी वर्षं. याला जगणं म्हणतात का? काढून घे हे माझ्यातून. ओरबाडून घे हवं तर.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

केलं!

बेकरीवाला भट्टीसाठी सगळे फर्मे पोत्यात भरून घेऊन गेला. तिची जोडी मी स्वतः नेली, कोटाखाली धरून. त्याने भट्टीचं दार उघडलं. आधी उजवा टाकला. डावा हातातून सुटेना. "काका, पाव करपतील," तो म्हणाला. टाकला. वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड, लगेच पेटलं.

सोडलं, देवा. आता तुझी पाळी.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

काही झालं नाही. राग होता तिथेच आहे. फर्मा तेवढा गेला.

१७ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. दुकानातल्या अंथरुणातच पडून राहिलो. उठायचं तरी कशासाठी? खिडकीजवळ रिकामा खिळा आहे. मी मूर्ख खिळ्याकडेसुद्धा बघत बसतो! पाळक दार ठोठावून गेला. श्वास रोखून गप्प राहिलो. मरण आलं असतं तरी दार उघडलं असतं, त्याला नाही उघडलं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

लेक धापा टाकत आली. आल्या आल्या म्हणाली, "आज ऐकायचंच तुम्ही." तो ऑर्गनवाला गेल्या वर्षी वारला. तिची आई एकटी राहते. इतकी वर्षं माझे शेवटचे बूटच तळ बदलून बदलून वापरत होती, आता चामडंच शिवण धरत नाही. बाजारातले घातले आणि जिन्यावरून पडली.

"बाबा, एक जोड. शेवटचा. फर्मा आहे ना?"

"जाळला."

तिने खिडकीजवळच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "का?"

"सोड म्हणतो ना तुमचा पाळक!"

"लाकूड सोडायला सांगितलं होतं त्याने?"

मी ओरडलो! तोंडाला येईल ते बोललो. तिला म्हणावं अनवाणी चाल, म्हणालो. लेक दार न लावताच गेली.

दार अजून तसंच उघडं आहे. लेकीवर नाही चिडलेलो. पोरगी खरं बोलली म्हणून ओरडलो.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

ती आलीय.

पेन्सिल शोधायच्या निमित्ताने पाठ करून हे लिहितोय. दारात उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून, पायात फाटके बूट. केस सगळे पांढरे. म्हणाली, "फर्मा नाही ते कळलंय मला. तरी आले." माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाला — "चौकट सोड. माझा खांदा धर."

आता स्टुलावर बसलीय. पाऊल बघितलं. पसरलंय, घोट्याला सूज आहे, अंगठा वाकलाय. जुना फर्मा बसलाच नसता!

हात कापतोय. कापू दे. रापी परत मागून आणावी लागेल. पाऊल आखायला दुकानात कागदाचा कपटाही उरला नाही. हे पुढचं पान फाडतो.