पांढऱ्याची जागा

आबा, मी नोकरी नक्की कसली करते हे मला आईलाही अजून धड समजावता आलेलं नाही. एका व्यावसायिक हॉकी संघात मी खेळ तपासते. मुलींचा संघ आहे. सामना चालू असताना मी प्रेक्षकांच्या वर, काचेच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. खाली बाकाशी उभ्या असलेल्या कोचच्या कानात मी सांगत राहते, कोण दमली, कोणाची जागा चुकतेय, कोणाला कोणाबरोबर उतरवा. गोल, पास, पळण्याचा वेग, सगळं माझ्यासमोर स्क्रीनवर असतं. आई म्हणते, "म्हंजे तू खेळत न्हाईस, नुस्ती बघती. आन् त्याचा पगार देत्यात?" तुम्ही असतात तर हसला नसतात. चार बैलांत कोणता कुठे जुपायचा यावर तुम्ही मित्रांबरोबर पारावर अख्खी दुपार घालवायचात, आणि तेही फुकटात.

या मोसमात आमचं घोडं आघाडीच्या फळीवर अडलं होतं. आघाडीला आमच्या मुख्य दोघी. धाकटी विशीतली, पाय जमिनीला टेकतात की नाही असं वाटावं अशी पळते, गोलही तिचेच. थोरली तिशी ओलांडलेली, गुडघ्याला कायम पट्टी, तिचे आकडे दर सामन्याला थोडे खाली. माझे तक्ते बघून कोच म्हणाले, थोरलीला बसवू, तिच्या जागी दुसरी वेगवान मुलगी आणू आणि मोसम संपला की थोरलीला मोकळं करू. आकडे तेच सांगत होते. तर त्या दोन वेगवान मुली एकत्र उतरल्या आणि आम्ही लागोपाठ हरायला लागलो. धाकटी चेंडू घेऊन सारखी कडेला जायची आणि तिथेच दोघीतिघींत अडकायची. कोच वैतागले. "लड़की का दिमाग चढ़ गया है," म्हणाले. त्या रागातल्या वाक्यावर मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं.

मी सातवीत आहे. आपल्या गावच्या यात्रेचा दिवस, घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांची शर्यत. आपल्याकडे बैल एकच, पांढरा. आणखी तिघांचे एकेक बैल मिळवून चौघांचा एक गाडा पळतो. पुढच्या जोडीला, म्हणजे जुकाटाला, आपला पांढरा आणि शेजारी वारूळवाडीच्या तुमच्या मित्राचा तांबडा. सगळा बोलबाला तांबड्याचा. पांढरा आता म्हातारा झाला, तांबड्याच्या जिवावर पळतो, असं लोक तुमच्या तोंडावर म्हणतात. आणि तुम्हीच पुढे होऊन पांढऱ्याला बाजूला काढता. "आपला हाय म्हून जागा आडवून ठिवायची का?" असं म्हणून अवसरीहून एक तरणा, जोराचा बैल आणता. गाडा सुटतो. निम्म्या घाटापर्यंत असा वेग कोणी पाहिलेला नाही, आणि मग तांबडा डावीकडे ओढायला लागतो. नवा बैल त्याला आवरायचं सोडून त्याच्याशीच चढाओढ करतो. गाडा वाकडा होतो, कडेची माणसं ओरडत पांगतात, आपली बारी, म्हणजे आपली फेरी, बाद. कोणाला लागत नाही, एवढंच नशीब. भोंग्यावरचा निवेदक मात्र तुमचं नाव घेऊन जे काय बोलतो, ते ऐकून मला जमीन पोटात घेईल तर बरं असं होतं.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात. एरवी पाणी प्यायलाही उंबऱ्यावरूनच हाक मारणारे तुम्ही, डब्यातलं पीठ काढून त्यात गूळ मळायला बसलात, पांढऱ्यासाठी. आई ओरडली, "आवो, पावण्यांच्या चपात्यांचं पीठ हाय त्ये!" तुम्ही मळतच राहिलात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "तो तांबडाच येडा हाय." तुमचा हात थांबला. इतकी वर्षं झाली, पण तुमचा तो आवाज माझ्या अंगावर येतो. "जनावराला नाव ठिवायचं न्हाई. जोडी आपुन लावली व्हती. तांबडा सरळ पळायचा, कारण पांढरा त्याला खांदा देऊन व्हता. मी निस्ता वेग बघत बसलो, खांदा बघितलाच न्हाई." मग गोळा घेऊन गोठ्यात गेलात आणि लई वेळ आला नाहीत.

मला तेव्हा बैलांचा रागच होता. शाळेत आम्हा मुलींची हॉकी सुरू झाली आणि तुम्ही नारायणगावहून माझ्यासाठी स्टिक आणलीत, तिलाही बैलाच्या गळ्यात बांधतात तसा काळा गोंडा बांधून. मैत्रिणी खो खो हसल्या. मी गोंडा सोडला, तुम्ही पुन्हा बांधलात. शेवटी मीच कंटाळले. तो गोंडा आज माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला आहे, आणि संघातली एकही मुलगी त्याला हात लावल्याशिवाय मैदानात उतरत नाही.

तर कोच तसं बोलल्यावर मी जुने सामने पुन्हा लावले. या वेळी चेंडूकडे बघायचंच नाही असं ठरवलं. फक्त थोरलीकडे बघत राहिले. आणि दिसलं, आबा! धाकटी चेंडू घेऊन आत वळली की थोरली उलट्या दिशेला पळते. चेंडू तिला मिळणार नसतो, हे तिलाही माहीत असतं. पण समोरची बचावाची मुलगी तिच्यामागे ओढली जाते आणि धाकटीला मधली वाट मोकळी मिळते. माझ्या तक्त्यात याला रकानाच नव्हता. मी कोचकडे गेले आणि माझ्या मोडक्या हिंदीत त्यांना पांढऱ्याची आणि तांबड्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, मुलीला नाव ठेवू नका सर, जोडी आपण लावलीय. मला वाटलं, हाकलून देतील. ते पंजाबातल्या खेड्यातले. मिशी ओढत म्हणाले, "हमारे गाँव में भी बैल दौड़ते थे. एक मैच. नहीं चला, तो वो घर जाएगी."

तो सामना काल झाला. चारपैकी पहिले दोन भाग काहीच घडलं नाही. थोरली पळत होती, धाकटी तिच्याकडे बघतही नव्हती. थोरलीचा संसार या खेळावर चालतो, आबा, आणि माझा शब्द चुकला तर तिचा खेळ कालच संपणार होता. तिसऱ्या भागात धाकटीने एकदा मान वर करून पाहिलं. थोरली उजवीकडे सुटली, तिच्यामागे एक नाही, दोघी गेल्या, आणि मधे रस्ता पडला, मला वरून स्वच्छ दिसला, आपल्या घाटासारखा सरळ. धाकटी त्यात शिरली आणि माझ्या तोंडून निघालं, "भिर्रर्र!" घाटात गाडा सुटला की तुम्ही द्यायचात तीच आरोळी, तेवढीच लांब. गोल झाला. धाकटी कोणाच्याही गळ्यात न पडता आधी थोरलीकडे धावली. आम्ही जिंकलो, आणि सामन्यानंतर कोचनी थोरलीला पुढच्या मोसमाचं विचारलं. ती पट्टी सोडत होती, "हो" म्हणून पुन्हा पट्टीच सोडत राहिली. मला मात्र रडू आवरलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा शर्यतींवर बंदी होती. त्या पुन्हा सुरू झालेल्या तुम्ही पाहिल्याच नाहीत, याची हळहळ मला आजवर वाटायची. काल पहिल्यांदा ती जरा कमी झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, बॅगेत गोंड्याजवळ राहील. आज सगळे मला चिडवतायत की मॅडम माइक बंद करायला विसरल्या आणि कोचच्या कानठळ्या बसल्या. मीही हसून हो म्हणते. तुम्हाला म्हणून सांगते, विसरले नव्हते. माझं बोट बटणावरच होतं. पण आवाज तुमचा होता, तो मैदानापर्यंत जाऊ द्यावासा वाटला.