मेणात बुडवण्याआधी

सोमवार
मावसभावाकडे आलो. निरोप होता : दादा, तुझ्या मापाची गिटार घडवलीय, पिकअपही स्वतः गुंडाळलंय, आठवडाभर राहून वाजवून बघ. पन्नाशीत आपल्यासाठी कोणी काही घडवतं म्हटल्यावर मी दाढीचं सामानही विसरून निघालो. बायकोने बॅग मात्र आधीच भरून ठेवली होती. घसा जपा म्हणत मफलरही कोंबला. इतकी माया!
वर्कशॉपच्या वरची खोली मिळाली. खाली भुसा, सरस, वार्निश. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी चुंबकाची डबी; केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे तिच्याभोवती. शेवटी ती वितळलेल्या मेणात बुडवायची, मग वेढे हलत नाहीत. तोवर डबी चहाडखोर, भाऊ म्हणाला. आजूबाजूचं बोलणंही उचलते. म्हटलं, आपल्याच घराण्यातली दिसते.

मंगळवार
काय आवाज आहे! भरदार, किंचित घोगरा, माणसासारखा. डबीजवळ तोंड नेऊन भावाच्या टकलावर एक शेरा मारला; अ‍ॅम्पमधून, म्हणजे गिटारला जोडलेल्या स्पीकरच्या खोक्यातून, तो माझ्यापेक्षा खुमासदार निघाला. भाऊ म्हणाला, बोलत राहा दादा, तार अजून कोरी आहे. बोल, असा आग्रह मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. घरी उलट असतो.

बुधवार
घसा बसलाय. भुशाने, म्हणतो भाऊ.
दुपारी गिटार खुंटीला होती, मी चहा ढवळत होतो. अ‍ॅम्पमधून कालचा शेरा आला. माझ्याच आवाजात. पाठोपाठ दुसरा, जो मी अजून केलाच नव्हता, नुसता मनात आला होता.
चांगला होता, हे जास्त झोंबलं.

गुरुवार
बायकोचा फोन. हॅलोसुद्धा उमटेना. काय झालं, हे तिने विचारलं नाही. भावजींना द्या, म्हणाली.
भाऊ फोन स्पीकरवर टाकून मागच्या खोलीत गेला. पण गिटार तिथेच होती, आणि डबी चहाडखोर. अ‍ॅम्पने सगळं सांगितलं. तो म्हणत होता, वहिनी, दादा जवळजवळ पूर्ण उतरलाय. शनिवारी मेणात घातला की परत अंगात जायचा नाही. तिने विचारलं, विनोद राहतील ना? सगळे राहतील, म्हणाला. शिवाय आवाजाचं बटण आहे, नको तेव्हा बंद करा.
एवीतेवी माझ्यात तिला तेवढंच कमी वाटत होतं. बटण.

शुक्रवार
कुजबुजही गेली. गिटार उचलून वर आणली, तर मागोमाग भावाने दाराला बाहेरून कडी घातली. तार तोडावी— पण मग आतला मीही— हात आखडला. भावाने येऊन गिटार नेली. मला थोपटलं. लहान पोराला थोपटावं तसं.

शनिवार
मेणाचा वास. बायको आलीय.
दार उघडं. जिन्यावरून दिसतंय— ती गिटारसमोर स्टुलावर. माझा आवाज तिच्या नव्या चपलांवर काहीतरी बोलला. हसली. लग्नाआधी हसायची तशी.
भिंत बडवली. तिने वर पाहिलं नाही.
भावाने पातेलं जवळ ओढलं. मला वाटलं, आता तरी आवाज ओरडेल, मला हाक मारेल—
नाही. लाडात येऊन तो तिला सांगतोय, वर तो बसून सगळं लिहितोय, आधी त्याच्या हातातली वही—
पायऱ्या वाजतायत. दोघांच्या. आणि खालून माझाच आवाज, जिन्याच्या डाव्या बाजूला लपलाय म्हण