मागून येणारं ‘बरोबर’

४ नोव्हेंबर
आले एकदाची! खोली काडेपेटीएवढी, पण ऊन भरपूर. आईला फोनवर सांगितलं, चहा सोडला तर इथे नावं ठेवण्यासारखं काही नाही. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नवी नर्स म्हणून रुजू झाले. अंगभर पसरलेल्या गाठींवर इथे दोन औषधं एकत्र देऊन बघतायत. तीन मुलांना एक डोस सोसला, की पुढच्या तिघांना थोडा वाढवून. गुण येईलच असं नाही, हे मोठे डॉक्टर आईबापांना स्पष्ट सांगतात.

७ नोव्हेंबर
मोठ्या सिस्टर शिस्तीला कडक. औषध सुरू करण्याआधी दोघींनी तपासायचं. एकीने मनगटपट्टीवरचं नाव आणि बाटलीवरचा डोस मोठ्याने वाचायचा. दुसरीने मागे उभं राहून कागदाशी ताडून ‘बरोबर’ म्हणायचं. वाचणारीने नजर हलवायची नाही.
चिमणीशी गट्टी जमली. वय सात, पोटात गाठ, डोक्यावर केस नाही, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझं लग्न झालेलं नाही म्हटल्यावर तिने मला मामासाठी पसंतही करून टाकलं. तिची आई हसता हसता रडायला लागली. वाढवलेला डोस आता चिमणीपासून सुरू होणार आहे.

११ नोव्हेंबर
शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा डोस वाचला, मागून ‘बरोबर’ आलं, औषध सुरू केलं. तेवढ्यात मोठ्या सिस्टर दारातून घाईघाईने आल्या, चल तपासू म्हणाल्या. मी म्हटलं, झालं की. कुणाबरोबर, त्यांनी विचारलं. वॉर्डात दुसरी नर्स नव्हतीच. डोस नीट होता म्हणून वाचले. बोलणी खाल्ली, ती योग्यच. मी वळून बघायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर
मोठ्या सिस्टरांना खनपटीला बसून विचारलं. माझ्याआधीची नर्स कागद न बघताच ‘बरोबर’ म्हणायची. एका मुलाला दुप्पट डोस गेला. मूल दगावलं, पाठोपाठ तीही. मला तिच्याच जागी घेतलंय. मनाचे खेळ सोड, जरा झोप काढ, असं म्हणाल्या.
संध्याकाळी चिमणीने विचारलं, तुझ्यामागे उभी असते ती मावशी कधीच का हसत नाही?

१४ नोव्हेंबर
रिकाम्या खाटेपाशी मुद्दाम चुकीचा डोस वाचला.
लगेच ‘बरोबर’. अगदी कानाशी.
वळले. कुणी नाही.

१५ नोव्हेंबर
मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. रजा घे म्हणाले. कशी घेऊ? उद्या चिमणीचा डोस. वाचणं मोठ्या सिस्टरांकडे, ताडणं माझ्याकडे. मागे मीच उभी असले तर त्या आधीच्या नर्सला जागाच उरणार नाही.

१६ नोव्हेंबर
चिमणीच्या खाटेपाशी. कागद माझ्या हातात. बाटलीवर दुप्पट आकडा — औषधं बनवणाऱ्यांची चूक — सिस्टर वाचून थांबल्यात, मागे बघत नाहीत —
बोलता येत नाही. तोंडात एकच शब्द येतोय. ओठ दातांत घट्ट धरलेत. पाय हलत नाहीत. हात अजून माझा आहे, म्हणून खिशातली ही वही —
चिमणी माझ्याकडे बघतेय. हसत का नाहीस, विचारतेय. मागे कुणी नाही. मलाच —
लिहून सिस्टरांच्या पुढ्यात टाकते —
सिस्टर, देऊ नका, डोस बरोब