ओट्याचं माप

रत्नागिरी

प्रिय सानवी,

परवा तू घर बघायला आलीस आणि निघताना ऋत्विकला हळूच म्हणालीस, की या घरात सगळं आधीच ठरलेलं आहे, यात मी कुठे मावणार? माझे कान तिखट आहेत. लग्नाची तारीख दोनदा पुढे का गेली तेही कळलं. मी रागावले नाही. अशा वेळी मला हे आठवतात.

ऋत्विकचे बाबा तू पाहिले नाहीस. दामूशेट ठेकेदार म्हटलं की आंजर्ल्यापासून हेदवीपर्यंत लोक अजून मला बसायला खुर्ची देतात. ज्याचं घर बांधलं त्याच्याकडच्या प्रत्येक बारशाला हे हजर. आणि मुलाच्या शाळेतल्या नाटकासाठी स्लॅबचं काम एक दिवस लांबवणारा ठेकेदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

स्वयंपाकाचा ओटा ते नकाशावरून कधी बांधत नसत. आधी विचारायचे, "ह्या घरात भाकरी कोण थापतंय?" मग त्या माणसाला भिंतीशी उभं करून हवेत भाकरी थापायला लावायची आणि कोपराच्या अंदाजाने पेन्सिलीची खूण करायची. साबेराभाभींचं घर बांधताना त्यांनी नवऱ्याकडेच बोट दाखवलं. अहमदभाई जन्मभर बोटीवर स्वयंपाकी. सहा फुटी माणूस लाजत लाजत हवेत भाकरी थापू लागला, गवंडी हसून खाली बसले. ओटा त्यांच्याच मापाचा झाला. भाभी आजही चहाला पाटावर उभ्या राहतात, म्हणून चहासुद्धा शक्यतो अहमदभाईच करतात.

आपलं घर बांधताना हाच प्रश्न आला तेव्हा मी नवी नवरी. शेजारी सासूबाई. मी त्यांनाच पुढे केलं. त्या माझ्या खांद्याला लागायच्या. अठ्ठावीस वर्षं मी वाकून भाकऱ्या थापल्या. चूक माझी, बोलणी मात्र यांनी खाल्ली. सासूबाई गेल्यावर दर वर्षी म्हणायचे, यंदा ओटा फोडू, आणि दर वर्षी कुणाचं तरी घर आधी यायचं. गेल्या गणपतीत मात्र मला भिंतीशी उभं केलंच. खूण करताना त्यांचा चष्मा माझ्या केसांत अडकला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. पौषात हे गेले. मला त्यांची फार आठवण येते, पण ती खूण दिसली की अजून हसूच येतं.

काल सदू गवंड्याकडून ओटा फोडून घेतला. वहिनी, तुमच्या खुणेवर बांधू ना, त्याने मला विचारलं. मी थांबवलं. तू माझ्याहून वीतभर उंच. माझ्या मापाने बांधला तर पुढची अठ्ठावीस वर्षं तू वाकशील. तेव्हा रविवारी ये. भाकरी येत नसली तरी चालेल. ऋत्विक म्हणतो, भाकऱ्या तोच थापणार. मग दोघं उभे राहा आणि काय ते भांडून ठरवा. पेन्सिल यांचीच ठेवली आहे. लग्नाची घाई मी करणार नाही, पण सध्या गॅस पडवीत मांडलाय आणि शेजारच्या कोंबड्या माझ्या भातावर डोळा ठेवून आहेत. तेवढा विचार कर.

तुझीच,
गंगा
(ऋत्विकची आई)